औषध म्हटलं की तोंड घट्ट मिटणाऱ्या लहानग्याला डोस कसा द्यायचा

पोरगं तोंड उघडत नाहीये म्हणून वैतागण्याआधी एक बघा, हा डोस आत्ता द्यायलाच हवाय का? कारण सगळी औषधं सारखी महत्त्वाची नसतात. ताप आहे पण मूल खेळतंय, पाणी पितंय, मधेच हसतंय, तर पॅरासिटामॉल दिलंच पाहिजे असं काही नाही, तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून असतं, थर्मामीटरवरचा आकडा खाली आणायला नाही, आणि शांत झोपलेल्या मुलाला फक्त तापाचं औषध द्यायला उठवायची गरज नसते. (तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप आला तर मात्र घरी औषध देत बसायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.) सर्दी-खोकल्याच्या सिरपचंही तेच, २ वर्षांखालच्या मुलांना ती स्वतःच्या मनाने द्यायचीच नाहीत आणि ४ वर्षांपर्यंतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण त्यांचा फायदा फारसा नसतो आणि गुंगी, धडधड असे त्रास होऊ शकतात. म्हणजे घरात होणारी निम्मी रडारड कदाचित गरज नसलेल्या डोसासाठी होत असेल.

उलट अँटिबायोटिक, फिट्सचं औषध, दम्यासाठी दिलेलं स्टिरॉइड, टीबीची औषधं, ही चुकवायची नाहीत, तिथे 'आज नाही घेतलं तर राहू दे' चालत नाही. पुढचं सगळं मुख्यतः या न चुकवता येणाऱ्या औषधांसाठी आहे.

नाही का म्हणतंय ते आधी ओळखा

दीड-दोन वर्षांचं पोर औषधाला नाही म्हणतं त्याची दोन मुख्य कारणं असतात, आणि दोन्हींवर उपाय वेगळा आहे. पहिलं अर्थातच चव. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त बोचते आणि बरीच औषधं मुळात कडू असतात, वर घातलेला स्ट्रॉबेरी किंवा ऑरेंजचा फ्लेवर पहिल्या क्षणापुरता असतो, मागून कडवटपणा येतोच. तुम्ही स्वतः थेंबभर जिभेवर ठेवून बघा, मग पोराला नाटकी म्हणायची इच्छा राहणार नाही.

दुसरं कारण म्हणजे जबरदस्तीचा राग. एक ते तीन या वयात मुलाला नुकताच शोध लागलेला असतो की आपणही नाही म्हणू शकतो. कपडे आपण घालतो, उचलून आपण नेतो, झोपवतो आपणच, पण तोंडात आलेलं गिळायचं की थुंकायचं हे शेवटी तेच ठरवतं, त्यामुळे तिथे ते सगळा जोर लावतं. ओळखायचं कसं, तर चवीचा प्रॉब्लेम असलेलं पोर पहिला डोस बहुतेक वेळा घेतं आणि दुसऱ्यापासून पळायला लागतं. जबरदस्तीचा राग असलेलं पोर बाटली दिसताच, चव घ्यायच्या आधीच, मागे वाकून ओरडतं, आणि त्याच सिरिंजमधून साधं पाणी दिलं तरी थुंकतं. खूप मुलांमध्ये दोन्ही असतं पण कुठलं जास्त आहे हे कळलं की आपली मेहनत योग्य ठिकाणी लागते. घसा दुखत असेल, तोंडात फोड आले असतील तर गिळायलाच दुखत असतं, तो तिसराच प्रकार झाला, तेव्हा तोंडात एकदा टॉर्च मारून बघाच.

खोटं बोलायचं नाही

हे मी मुद्दाम आधी सांगतेय कारण बाकीच्या सगळ्या युक्त्या यावर उभ्या आहेत. 'अगं हे ज्यूस आहे', 'चॉकलेट आहे चॉकलेट', 'अजिबात कडू नाहीये बघ', असं म्हणून पहिला डोस जातो, मान्य आहे. पण पोराला कळतं की आई-बाबा जे म्हणाले ते खरं नव्हतं आणि मग पुढच्या वेळी ते खऱ्या ज्यूसलाही तोंड मिटतं. दुधाच्या बाटलीत गुपचूप औषध मिसळण्याचंही हेच होतं, आजारी मुलाचा आधार असलेलं दूधच ते सोडून बसतं, म्हणजे औषधही गेलं आणि पोटात जाणारं दूधही गेलं.

यात सुरक्षिततेचा मोठा मुद्दा आहे. आपण औषधाला गोळी-चॉकलेट म्हणालो आणि उद्या ती बाटली किंवा पाकीट हाताला लागलं तर ते अख्खं संपवेल, कारण त्याच्या लेखी तो खाऊच आहे. पॅरासिटामॉलचा मोठा ओव्हरडोस लिव्हर खराब करतो आणि सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं, आयर्नच्या गोळ्या तर लहान मुलासाठी थोड्या प्रमाणातही घातक ठरू शकतात. त्यामुळे चव कितीही छान असू दे, औषधाला औषधच म्हणायचं.

मग बोलायचं काय? थोडंच. 'हे औषध आहे. थोडं कडू आहे. गिळलं की लगेच पाणी.' झालं. या वयाच्या मुलाला जंतू आणि इन्फेक्शनची गोष्ट सांगत बसलो तर त्याला एवढंच कळतं की काहीतरी मोठं येतंय, आणि ते अजून घाबरतं. 'नाही घेतलंस तर डॉक्टर इंजेक्शन देतील' हे वाक्य तर घरातून कायमचं काढून टाका, आजीला, मावशीला, सगळ्यांना सांगा, कारण त्याने डोस एखादा जातो पण डॉक्टरांची भीती पुढे कित्येक वर्षं पुरते.

चमचा नको, सिरिंज

घरातला चमचा औषध मोजायला वापरूच नका. मापाचा चमचा ५ मिलीचा धरतात पण घरातल्या चमच्यांत कुणात ३ मिली मावतं कुणात ७, आणि वळवळणाऱ्या पोराच्या तोंडापर्यंत जाताना त्यातलं अर्धं सांडतं ते वेगळंच. बिनसुईची तोंडाने द्यायची सिरिंज औषधांच्या दुकानात मिळते, ५ मिलीची एक आणि जमलं तर १ किंवा २ मिलीची एक अशा दोन घेऊन ठेवा. सिरिंजच्या टोकाला छोटं टोपण असेल तर ते काढून आधी कचऱ्यात टाका, घशात अडकायला एवढंसं टोपण पुरतं.

डोस भरण्याआधी बाटली चांगली हलवा. बरीच सिरप म्हणजे पाण्यात तरंगणारी पावडर असते, न हलवता दिलं तर पहिले डोस पातळ जातात आणि बाटलीच्या तळाशी आल्यावर एकदम स्ट्राँग. सिरिंज डोळ्यांसमोर धरून रेषा बघायची, हवेचा बुडबुडा असेल तर टिचकी मारून वर आणून ढकलून द्यायचा.

आणि इथे जरा थांबून बाटलीवरचं लेबल वाचा, प्लीज. एकाच नावाचं औषध ड्रॉप्समध्ये वेगळ्या ताकदीचं असतं आणि सिरपमध्ये वेगळ्या. उदाहरणार्थ पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स १ मिलीला १०० मिलिग्रॅम असे मिळतात आणि सिरप ५ मिलीला १२० किंवा १२५, किंवा २५० मिलिग्रॅम असं. आता कुणी सिरपच्या सवयीने ड्रॉप्स ५ मिली दिले तर ५०० मिलिग्रॅम गेले की पोटात, १२५ च्या सिरपच्या चौपट. पॅरासिटामॉलचा हिशोब वजनावर असतो, साधारण एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १०० ते १५०, दोन डोसांत कमीत कमी ४ ते ६ तास आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नाही. डॉक्टरांनी 'एक चमचा द्या' म्हटलं तर तिथेच विचारा की किती मिली आणि कुठल्या बाटलीतलं, आणि मुलाचं आत्ताचं वजन सांगा, सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावरचं नको.

डोस भरायचं काम मुलाच्या नजरेआड करायचं. बाटली उघडायची, शोधाशोध, माप बघायचं, हे सगळं त्याच्यासमोर चाललं तर ती पाच मिनिटं त्याच्यासाठी नुसती भीतीची जातात. सगळं तयार हवं, पाणी भरलेलं, रुमाल हाताशी, मग त्याच्याकडे जायचं.

प्रत्यक्ष देताना

मूल बसलेलं हवं, मांडीवर किंवा खुर्चीत, डोकं वर. आडवं झोपवून औषध घालायचं नाही, नाक दाबायचं नाही, आणि जोरात रडत असताना तोंडात ओतायचं नाही. हे तिन्ही अजून सर्रास चालतं आणि तिन्हींत एकच धोका आहे, रडताना मूल मोठा श्वास आत घेतं आणि औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. रडणं सुरू झालं तर थांबा, हुंदका संपू द्या, मग.

सिरिंजचं टोक सरळ घशाकडे रोखलं की ओकारी येणारच. टोक ओठांच्या कोपऱ्यातून आत न्यायचं आणि गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत ठेवायचं, साधारण दाढांच्या बाजूला. तिथे सोडलं की औषध जिभेवर कमी पसरतं, चव कमी लागते आणि थुंकायलाही तितकं सोपं जात नाही. एका वेळी अर्धा ते एक मिली, हळूच, मग गिळू द्या, मग परत थोडं. ५ मिली एकदम सोडलं तर तोंड भरतं आणि सगळं बाहेर येतं, तेच पाच ते दहा छोट्या घोटांत दिलं तर जातं, आणि एवढं करूनही एक मिनिटाच्या वर लागत नाही. तोंडात धरून बसलं असेल तर हनुवटी खालून हलकेच मिटून धरा आणि गाल चोळा. लहान बाळांच्या तोंडावर अगदी हलकी फुंकर घातली की ती आपोआप गिळतात, हे पुष्कळ मुलांत दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं, त्यानंतर मात्र ती नुसती हसतात.

तुमचा चेहरा साधा ठेवा. आपणच तोंड वाकडं करून 'अरे बापरे, बिचारं माझं' करत गेलो तर त्याला खात्रीच पटते की वाईट काहीतरी आहे. आणि लांबवू नका, पंधरा मिनिटं मनधरणी, मग ओरडणं, मग परत लाडीगोडी, यात मूल दमतं आणि पुढच्या डोसाची आठवण वाईट होते. दोन मिनिटं प्रयत्न, नाही जमलं तर सगळं बाजूला ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी शांतपणे परत. फिट्सच्या औषधाला सोडलं तर बहुतेक औषधांत एवढ्या उशिराने काही बिघडत नाही.

काय विचारायचं आणि काय नाही

'बाळा, औषध घेतोस का?' हा प्रश्नच विचारू नका, कारण उत्तर नाही येणार हे आपल्याला माहितीये आणि मग त्याचं नाही आपण मोडतो, म्हणजे विचारलं कशाला. घ्यायचं की नाही हे ठरलेलंच आहे, पण कसं घ्यायचं हे त्याला ठरवू द्या. मांडीवर बसून की खुर्चीत? आई देऊ की बाबा? सिरिंजने की छोट्या कपातून? आधी पाणी की नंतर? दोनच पर्याय, दोन्ही आपल्याला चालणारे. ज्या पोराला जबरदस्तीचा राग आहे त्याला यातच अर्धं समाधान मिळतं. दोन वर्षांच्या पुढची मुलं तर सिरिंजचा दट्ट्या स्वतः ढकलायला मागतात, ढकलू द्या, टोक आणि वेग आपल्या हाताने सांभाळायचा.

खेळ हा वेळ घालवायचा प्रकार वाटतो पण माझ्या मते जास्त दिवस चालणाऱ्या औषधासाठी याच्याइतकं काहीच कामाला येत नाही. औषधाची वेळ नसताना एक रिकामी स्वच्छ सिरिंज द्या, त्याने बाहुलीला पाजायचं, भालूला पाजायचं, तुम्हाला पाजायचं (पाणीच, खरं औषध स्वतः पिऊन दाखवायचं नाही). आंघोळीच्या वेळी सिरिंजने पाणी उडवू दे. दोन दिवसांत ती वस्तू ओळखीची होते आणि मग तीच हातात घेऊन आपण आलो तर पळापळ कमी होते. औषधाला ठरलेली जागा आणि ठरलेला क्रम ठेवा, म्हणजे दात घासून झाले की औषध, मग पुस्तक, असं. मुलांना पुढे काय होणार हे माहीत असलं की विरोध कमी होतो, आणि 'औषध झालं की गोष्ट' ही काही लाच नाही, तो क्रम आहे.

घेऊन झालं की कौतुक कशाचं करायचं, तर गिळल्याचं. 'रडलास तरी गिळलंस, मस्त.' रडू नकोस म्हणायची गरजच नाही, हुंदका संपल्यावर गिळलं की झालं. स्टिकर लावायचा तक्ता अडीच-तीन वर्षांच्या मुलांना आवडतो, त्याहून लहान असेल तर टाळ्या आणि मिठी पुरे.

चवीवर उपाय

थंडपणाने चव बोथट होते. देण्याआधी एक घोट गार पाणी किंवा चमचाभर आइस्क्रीम दिलं की जीभ थोडी बधिर होते, आणि लगेच मागून परत तेच. सिरप फ्रिजमध्ये ठेवून गार केलं तर बरं लागतं पण लेबल बघून, काही औषधं फ्रिजमध्ये ठेवायची नसतात, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं सिरप तर थंडीने घट्ट होतं आणि आणखी कडू लागतं.

कशात मिसळायचं असेल तर एक किंवा दोन चमचेच घ्या, जे मूल नक्की संपवेल एवढं. वाटीभर दह्यात मिसळलं आणि त्याने दोन घास खाऊन तोंड फिरवलं तर किती औषध गेलं हे कुणालाच कळत नाही. मिसळलं की लगेच द्यायचं, तासभर ठेवायचं नाही. कडवटपणा झाकायला चॉकलेट सॉस सगळ्यात चांगला, जॅम चालतो, कुस्करलेलं केळं चालतं. मध १ वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होण्याचा धोका असतो. आणि लपवायचं नाही हे इथेही लागू, 'जॅममध्ये औषध घातलंय' हे सांगूनच द्यायचं.

काही जोड्या मात्र नडतात. अझिथ्रोमायसिन (हेही अँटिबायोटिकच) आणि क्लॅरिथ्रोमायसिन आंबट गोष्टीत, म्हणजे संत्र्याच्या ज्यूसमध्ये किंवा दह्यात मिसळलं तर कडूपणा उलट वाढतो. आयर्नचं औषध दुधाबरोबर दिलं तर शरीरात नीट शोषलं जात नाही, ते संत्र्याच्या ज्यूसबरोबर चालतं, आणि दातांवर डाग पडू नयेत म्हणून गालात मागच्या बाजूला सोडून वर पाणी पाजायचं, शी काळी झाली तर घाबरू नका, आयर्नने होते. ग्रेपफ्रूट ज्यूस औषधांबरोबर टाळा. आयबुप्रोफेन (ताप आणि दुखण्याचं औषध) काही खाऊन झाल्यावर, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट (अँटिबायोटिक) जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटाला त्रास कमी होतो. बाकी ज्या औषधाला अशी अट नाही ते थोडी भूक असताना द्या, पोट भरलेलं असताना ओकारी लवकर येते.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका

आपण घरी कुस्ती खेळत बसतो आणि डॉक्टरांना सांगतच नाही की पोर हे घेत नाहीये. सांगा. जास्त ताकदीचं सिरप असेल तर ५ मिलीच्या जागी अडीच मिलीत काम होतं. दिवसातून तीनदाच्या ऐवजी एकदा किंवा दोनदा द्यायचं दुसरं औषध कधीकधी चालतं. वेगळ्या कंपनीचं तेच औषध चवीला बरं असू शकतं. पॅरासिटामॉल शौचाच्या जागेतून द्यायच्या सपोझिटरीतही मिळतं, सतत उलट्या होणाऱ्या मुलासाठी फार उपयोगी, पण तेव्हा तोंडाने परत द्यायचं नाही, दोन्हींचा हिशोब एकच. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या पण असतात, जुलाबात देतात ती झिंकची गोळी चमचाभर पाण्यात मिनिटभरात विरघळते, ६ महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम असं १० ते १४ दिवस देतात आणि जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा असतो, म्हणजे चौदा दिवस चालेल अशी पद्धत पहिल्या दिवशीच बसवावी लागते.

मोठ्यांची गोळी ठेचून द्यायची कल्पना स्वतःच्या मनाने अमलात आणू नका. काही गोळ्यांवरचं कोटिंग मुद्दाम असतं, काही हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या ठेचल्या की सगळं औषध एकदम सुटतं. आणि ॲस्पिरिन लहान मुलाला ताप-सर्दीत कधीच नाही, राईज सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूवर घाव घालणारा आजार त्याने होऊ शकतो.

काहीच चाललं नाही तर

सगळं करून झालं, औषध चुकवता येत नाही, आणि पोर ऐकत नाहीये, अशी वेळ येते. मग धरावं लागतं आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, पण धरायची एक रीत आहे. मुलाला मांडीवर आडव्या बाजूने बसवायचं, त्याचा तुमच्याकडचा हात तुमच्या पाठीमागे काखेखालून, दुसरा हात तुमच्या हातात, डोकं तुमच्या कोपराच्या आधाराने थोडं वर. लाथा मारत असेल तर पाय तुमच्या मांड्यांमध्ये. किंवा मोठ्या टॉवेलमध्ये खांद्यापासून गुंडाळायचं, घट्ट पण श्वासाला मोकळं. दोन माणसं असतील तर एकाने फक्त धरायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने फक्त औषध. गालाच्या खोबणीत, अर्धा मिली, गिळू द्या, परत. ओरडायचं नाही, 'मला माहितीये तुला आवडत नाही, मी धरलंय, झालंच' एवढंच शांत आवाजात. संपलं की पकड लगेच सोडायची, पण मांडीवरून लगेच उतरवायचं नाही, जवळ घ्यायचं, पाणी, मिठी, आणि विषय बदलायचा. त्या वेळेला लेक्चर नको. पुढचा डोस परत पर्याय देऊनच सुरू करायचा, धरणं हा रोजचा मार्ग व्हायला नको. रोज धरावंच लागतंय असं झालं तर ते औषध बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली.

उलटी झाली, विसरलं, दोघांनी दिलं

पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी होऊन औषध बाहेर आलं तर तोच डोस एकदा परत देता येतो, अर्ध्या तासानंतर झाली तर परत द्यायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. बाकीच्या औषधांसाठी, खासकरून फिट्सच्या आणि हृदयाच्या, अंदाजाने परत देऊ नका, फोन करून विचारा. थोडं थुंकलं, किती गेलं कळत नाही, अशा वेळी भर म्हणून अजून घालायचं नाही.

डोस विसरला तर आठवल्यावर द्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. आणि एक कागद फ्रिजवर लावा, औषध, वेळ, किती मिली, कुणी दिलं. आई ऑफिसमधून आली आणि तिने दिलं, बाबांनी तासाभरापूर्वी दिलंच होतं, आजीलाही वाटलं राहिलंय, अशा घाईतच डबल डोस होतो. सर्दी-तापाच्या मिक्स सिरपमध्ये पॅरासिटामॉल असू शकतं, ते आणि वेगळं पॅरासिटामॉल असं दोन्ही चालू नाही ना, हे घटक वाचून बघा.

मूल पाणीसुद्धा ठेवत नाहीये, आठ तासांत लघवी नाही, सुस्त पडलंय, उठवलं तरी नीट जागं होत नाही, श्वास जोरात चाललाय, किंवा औषधानंतर अंगावर गांधी आणि ओठ-चेहऱ्याला सूज आली, तर औषध कसं द्यायचं हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या. खोकत खोकत निळं पडलं, श्वास अडला तर तेव्हाही तेच.

बाटलीचं काय करायचं

अँटिबायोटिकची पावडर घरी कालवायची असेल तर आधी बाटली उलटी करून टिचक्या मारून पावडर मोकळी करा, मग उकळून गार केलेलं पाणी अर्धं घालून हलवा, मग खुणेपर्यंत, परत हलवा, फेस बसू द्या आणि पातळी खुणेच्या खाली गेली असेल तर थोडं पाणी घालून खुणेला आणा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि साधारण ७ दिवसांनी उरलेलं टाकायचं, कालवल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहून ठेवा. फ्रिजच्या दारात नको, आतल्या वरच्या कप्प्यात ठेवा, दारातलं पोराच्या हाताला लागतं.

डोस संपला की तोंडात पाणी फिरवायला द्या किंवा दात पुसा, सिरपमध्ये साखर असते आणि रात्रीचा डोस दातांवर तसाच राहतो. सिरिंज दट्ट्या काढून कोमट पाण्याने धुवा, उघडीच वाळवा, अंक पुसट झाले की नवीन घ्या. बाटलीचं झाकण प्रत्येक वेळी खट्ट होईपर्यंत लावा आणि ती लगेच वर, कुलपात ठेवता आली तर उत्तम, टेबलावर पुढच्या डोसासाठी राहू देऊ नका. चाइल्डप्रूफ झाकण मुलाला थोडा वेळ अडवतं, कायमचं नाही. पर्समधल्या आणि आजी-आजोबांच्या उशाजवळच्या गोळ्यांकडेही एकदा बघून घ्या, बीपी आणि शुगरच्या एक-दोन गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. काही गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवायला घशात बोटं घालू नका, पाकीट सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.